स्क्रूज कुठला बघायचा: १९८४ चा जॉर्ज सी. स्कॉट की १९९९ चा पॅट्रिक स्टुअर्ट?

'अ ख्रिसमस कॅरल'चा एकच सिनेमा बघायचा असेल तर १९८४ चा बघा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. पण काही माणसं अशी असतात की त्यांना १९९९ चाच जास्त आवडतो, माझ्या घरातच तशी आहेत, त्यामुळे दर डिसेंबरला हा वाद ठरलेला. यंदा दोन्ही परत बघितले, म्हटलं एकदाचं लिहूनच काढूया.

तर चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल'. १९ डिसेंबर १८४३ ला लंडनमध्ये आलेलं छोटंसं पुस्तक, किंमत पाच शिलिंग, पहिल्या सहा हजार प्रती ख्रिसमसच्या आतच संपल्या, आणि तेव्हापासून नाटकवाले, रेडिओवाले, सिनेमावाले, कार्टूनवाले, बाहुल्यांचे खेळवाले सगळ्यांनी ही गोष्ट करून झालीये. कवडीचुंबक म्हातारा एबेनेझर स्क्रूज, सात वर्षांपूर्वी मेलेला त्याचा पार्टनर मार्ली साखळ्या ओढत येतो आणि सांगतो की तुझ्याकडे आता तीन भुतं येणार, मग एक भूत जुने ख्रिसमस दाखवतं, एक आत्ताचा, एक पुढे येणारा, आणि सकाळी स्क्रूज वेगळाच माणूस होऊन उठतो. बस, गोष्ट एवढीच. शेवट जगाला माहितीये. म्हणजे नवीन सिनेमा बघताना बघायचं काय, तर हा माणूस बदलला हे आपल्याला पटतं की नाही. बाकी बर्फ, मेणबत्त्या, भाजलेला हंस हे सगळीकडे असतंच.

हे दोन सिनेमे लोक हमखास एकमेकांत मिसळतात आणि त्यात त्यांची चूक नाही. दोन्ही टीव्हीसाठी केलेले, दोन्ही अमेरिकन चॅनेलसाठी, दोन्ही इंग्लंडमध्ये शूट झालेले आणि दोन्हींत स्टेजवर मुरलेले ब्रिटिश नट खच्चून भरलेले. १९८४ चा सीबीएसवर १७ डिसेंबरला लागला, दिग्दर्शक क्लाइव्ह डॉनर, ब्रिटनमध्ये तर तो थिएटरातच आला. १९९९ चा टीएनटी नावाच्या केबल चॅनेलवर ५ डिसेंबरला, दिग्दर्शक डेव्हिड जोन्स. एक शंभर मिनिटांचा, दुसरा पाचेक मिनिटं कमी. दोन्ही स्क्रूज तेव्हा साठीच्या आतले. जॉर्ज सी. स्कॉट १९९९ च्या सप्टेंबरमध्ये वारला आणि त्यानंतर अडीच महिन्यांत स्टुअर्टचा स्क्रूज टीव्हीवर आला, हा निव्वळ योगायोग, पण माझ्या डोक्यात तो अडकून बसलाय.

आता मुख्य मुद्दा, स्क्रूज.

स्क्रूज म्हटलं की बहुतेक नट काय करतात तर पाठीत वाकतात, आवाज किरकिरा करतात, नाक पुढे काढतात, आपल्या जुन्या सिनेमातला सावकार कसा ओळखूच यायचा तसं. स्कॉट यातलं काही करत नाही. तो ताठ चालतो, अंगावर चांगला कोट, मोठे कल्ले, पोट सुटलेलं, शहरात ज्याच्या शब्दाला किंमत आहे असा बडा व्यापारी. आणि तो हसतो! स्वतःच्या कुजकट जोकवर मजेत हसतो. भाचा ख्रिसमसचं आमंत्रण घेऊन येतो तेव्हा याला राग कमी आणि करमणूक जास्त होतेय असं वाटतं. हा माणूस दुःखी वगैरे अजिबात नाहीये, त्याला आपलं सगळं बरोबर चाललंय याची खात्री आहे, आणि मला वाटतं सगळी गंमत त्यातच आहे, कारण दुःखी माणसाला बदलणं सोपं असतं हो, स्वतःचं बरोबर आहे असं ज्याला मनापासून वाटतं त्याला तीन काय तेरा भुतं आणली तरी कठीण.

सुरुवातीलाच एक सीन घातलाय जो पुस्तकात नाही. स्क्रूज एक्सचेंजमध्ये जातो, म्हणजे जिथे व्यापारी जमून सौदे करतात तिथे. त्याच्याकडे धान्य आहे, घेणारे व्यापारी काल भाव जास्त म्हणून मागे सरलेले, आज हा म्हणतो काल नाही म्हणालात ना, मग आज पाच टक्के जास्त, आणि उद्या आलात तर अजून पाच. ते म्हणतात हे अन्यायाचं आहे. तो शांतपणे म्हणतो हो, पण धंदा आहे. विषय संपला. पुस्तकातला स्क्रूज नक्की कसला धंदा करतो हे डिकन्स नीट सांगतच नाही, त्याचं ऑफिस आहे, हिशेबाच्या वह्या आहेत, व्याजाने दिलेला पैसा आहे, बास. इथे त्याला धान्याचा साठेबाज केलाय आणि १८४३ साठी ते इतकं चपखल बसतं की टाळी द्यावी. बाहेरून येणाऱ्या स्वस्त धान्यावर जकात लावणारे कॉर्न लॉज १८४६ पर्यंत इंग्लंडात होते, त्यामुळे पाव महाग, त्या दशकाला भुकेचं दशकच म्हणतात. म्हणजे हा माणूस फक्त आपल्या कारकुनाला कोळसा जाळू देत नाही एवढंच नाही, तो काहीही बेकायदा न करता आरामात शहराच्या ताटातली भाकरी महाग करतोय. पुढे भविष्यातल्या भागात हेच व्यापारी 'तो' मेल्याची बातमी चघळताना दिसतात तेव्हा कोणाला सुतकही नसतं, आणि ते का नसतं हे आपल्याला आधीच कळलेलं असतं.

(अजून एक मजा. हा प्रोग्राम सीबीएसवर दाखवला तेव्हा जाहिरातींची सगळी वेळ आयबीएमने विकत घेतली होती. धंदा म्हणजेच सगळं नव्हे असं सांगणारी गोष्ट, आणि मधल्या ब्रेकमध्ये कॉम्प्युटर. बघणाऱ्यांना तेव्हा यात काही वाटलं की नाही कोणास ठाऊक.)

आणि तीन भुतं आल्यावरही स्कॉट वाद घालतो. हा माझ्या मते या सिनेमाचा कणा आहे. प्रत्येक भुताशी तो हुज्जत घालतो, आपली बाजू मांडतो, पहिल्या भुताने बापाचा दुष्टपणा दाखवला की हा काहीतरी सबब काढतो, प्रेयसी सोडून गेली ते दाखवलं की म्हणतो मग, पैसा साठवला यात चूक काय. एखादा मुरलेला वकील आपली केस हरत चाललीये हे माहीत असूनही शेवटच्या तारखेपर्यंत अर्ज करत राहतो ना, तसा. त्यामुळे तो हरतो तेव्हा खरंच हरतो. थोडं थोडं करून त्याचे एकेक मुद्दे काढून घेतले जातात आणि शेवटी थडग्यापाशी त्याच्याकडे बोलायला काही उरत नाही.

पॅट्रिक स्टुअर्टचा स्क्रूज याच्या अगदी उलट. तो वाद घालत नाही, तो बंद आहे. कोरडा, सुका, हिशेबी, चेहऱ्यावर काहीच नाही, आवाज तर काय विचारता, त्या आवाजाने टेलिफोन डिरेक्टरी वाचली तरी लोक ऐकतील. बहुतेकांना तो स्टार ट्रेकचा कॅप्टन पिकार्ड म्हणून माहीत, पण तो मुळात शेक्सपिअरवाला स्टेजचा नट, आणि हा सिनेमा करायच्या आधी तो अख्खी 'ख्रिसमस कॅरल' एकट्याने स्टेजवर करायचा, सगळी पात्रं स्वतःच, १९९१ मध्ये ब्रॉडवेवर आणि नंतर लंडनमध्येही. म्हणजे १९९९ येईपर्यंत ही गोष्ट त्याच्या इतकी अंगात भिनलेली की कुठला शब्द कुठे दाबायचा हे त्याला झोपेतही कळत असणार. याचा फायदा आहे आणि तोटाही आहे. फायदा असा की डिकन्सची वाक्यं त्याच्या तोंडून जशी ऐकू येतात तशी दुसऱ्या कोणाच्याच तोंडून येत नाहीत. तोटा असा की काही ठिकाणी, विशेषतः पहिल्या अर्ध्या तासात, वाटतं की आपण एक फार उत्तम वाचन ऐकतोय आणि बाकीचे लोक त्याच्या वाचनात मधे मधे येताहेत.

पण मग ती सकाळ येते. स्क्रूज जागा होतो, जिवंत आहे हे कळतं, आणि त्याला हसायचंय, पण हसू येतच नाही. घशातून काहीतरी घरघर, गुदमरल्यासारखं, क्षणभर वाटतं की याला अटॅक वगैरे येतोय, आणि मग ते गंजलेलं हसू एकदाचं बाहेर पडतं. पुस्तकात डिकन्सने लिहिलंय की इतकी वर्षं सवय नसलेल्या माणसाच्या मानाने ते हसू झकासच होतं. एका ओळीचा तो शेरा, त्यातून स्टुअर्टने हे काढलंय. कितीही वेळा बघितलं तरी मी इथे रडतेच. स्कॉटच्या सिनेमात या जागेला तोड नाही, हे मान्य करायलाच पाहिजे. स्कॉट सकाळी पलंगावर उड्याबिड्या मारतो खरा, पण त्याला ते जरा जडच जातं, तो तसा उड्या मारणारा माणूस नाहीये.

स्कॉटची जागा वेगळी आहे, भाच्याच्या दारात. फ्रेडच्या घरी जातो, माफी मागतो, आणि कबूल करतो की तुझ्यात मला माझी बहीण दिसायची. बहीण फॅन, ती गेली, तिचाच हा मुलगा. म्हणजे इतकी वर्षं हा त्याला दाराबाहेर ठेवत होता त्याचं कारण नुसता चिकूपणा नव्हता. फ्रेडचं काम रॉजर रीसने केलंय, सुरुवातीचं निवेदनही त्याच्याच आवाजात आहे, आणि काय गोड माणूस वाटतो, मामाने कितीही टाकून बोललं तरी याचं तोंड कडू होत नाही. १९९९ मध्ये फ्रेड आहे डॉमिनिक वेस्ट, पुढे 'द वायर' या टीव्ही मालिकेमुळे गाजला तो, तेव्हा अगदी तरुण, देखणा आणि मोठ्याने हसणारा. ठीक आहे. रीसच्या जवळपास नाही.

भुतांचं बघायचं तर इथे १९८४ सरळ जिंकतो. भूतकाळाचं भूत अँजेला प्लेझन्सने केलंय, पांढरे केस, बाई की मूल की अजून काही हे कळत नाही, आणि बोलणं असं टोकदार की गोड आवाजात चिमटे काढतेय. १९९९ ला तिथे जोएल ग्रे आहे, 'कॅबरे'साठी ऑस्कर मिळालेला, पण त्याचं भूत मऊ मऊ, चेहऱ्यावर चमक मारलेली, बिचारा समजूत काढायला आलाय असं वाटतं.

वर्तमानाचं भूत मात्र खरी कसोटी. हे भूत पुस्तकात अवाढव्य, हिरवा झगा, उघडी छाती, हातात मशाल, हसरं. एडवर्ड वुडवर्डने १९८४ मध्ये ते केलंय आणि त्याच्या हसण्याखाली राग आहे, खदखदणारा. स्क्रूजचा कारकून बॉब क्रॅचिट, त्याचा आजारी मुलगा टिनी टिम वाचेल का असं स्क्रूज विचारतो तेव्हा हे भूत त्याचेच आधीचे शब्द त्याच्या तोंडावर मारतं, मरायचं तर मरू दे, जादा लोकसंख्या तेवढीच कमी होईल. हे जादा लोकसंख्येचं बोलणं डिकन्सने उगाच नाही घातलं, लोकसंख्या अन्नापेक्षा भराभर वाढते असं सांगणारं माल्थसचं १७९८ चं पुस्तक तेव्हा शिकलेल्या लोकांच्या तोंडी होतं आणि १८३४ चा गरिबांसाठीचा नवा कायदा त्याच हवेतला. पुढे वुडवर्ड म्हणतो की देवाच्या नजरेत या गरिबाच्या पोरापेक्षा तूच जगायला नालायक असशील, आणि हे तो ओरडून म्हणत नाही, दात आवळून म्हणतो. स्कॉटसारखा नट त्याच्यासमोर आक्रसतो. डेझमंड बॅरिटचं १९९९ चं भूत चांगलं गोलमटोल, प्रेमळ, ख्रिसमसला घरी बोलवावं असं. पण त्याची भीती वाटत नाही आणि माझ्या मते ती वाटायला हवी.

आणि मग पुलाखालचा सीन. हाही पुस्तकात नाही आणि याच्यासाठी म्हणून मी १९८४ वर शिक्का मारते. वुडवर्डचं भूत स्क्रूजला एका पुलाखाली आणतं, तिथे बेघर लोक शेकोटीभोवती बसलेत, एक कुटुंब आहे, नवरा-बायको आणि पोरं. स्क्रूज विचारतो हे इथे का, सरकारने वर्कहाउस, म्हणजे गरिबांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घ्यायच्या जागा, बांधल्यात ना, तिकडे का जात नाहीत. उत्तर त्या नवरा-बायकोच्या बोलण्यातूनच मिळतं, तिकडे गेलं की घर फुटतं. आणि हे खरं होतं, १८३४ नंतरच्या वर्कहाउसमध्ये नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, पोरं तिसरीकडे असंच ठेवायचे, मुद्दाम, म्हणजे कोणी सुखासुखी आत यायला बघू नये म्हणून. आधी एक्सचेंजमध्ये गरिबांसाठी वर्गणी मागायला आलेल्या दोघांना स्क्रूजने जे सुनावलं होतं, की तुरुंग आहेत, वर्कहाउस आहेत, मी त्यासाठी कर भरतो, त्याचं हे उत्तर. कोणी भाषण करत नाही, एक बाप पोरांना जवळ घेऊन थंडीत बसलेला, एवढंच. त्यानंतर भूत झगा उघडतं आणि आतून ती दोन हडकुळी पोरं, अज्ञान आणि गरज. आणि मग भूत चक्क त्याला तिथेच टाकून निघून जातं, एवढा मोठा व्यापारी त्या पुलाखाली एकटा बसून म्हणतो की मी असं काय केलं की मला असं टाकून दिलं. त्याला अजूनही कळलेलं नसतं! तिसरं भूत यायचं असतं तरी कळलेलं नसतं. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

१९९९ वाले याच जागी पुस्तकाला धरून जातात. पुस्तकात हे भूत स्क्रूजला शहराबाहेर खूप लांब नेतं, खाणीतले मजूर, समुद्रातल्या दीपगृहातले दोन माणसं, जहाजावरचे खलाशी, सगळे आपापल्या जागी ख्रिसमस करताहेत. बहुतेक सिनेमे हा भाग सरळ उडवतात कारण खर्च वाढतो आणि गोष्ट पुढे सरकत नाही. डेव्हिड जोन्सने तो ठेवलाय, एक गाणं सगळीकडे तरंगत जातं, 'सायलेंट नाइट'. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. (तपासणाऱ्यांसाठी: मूळ जर्मन गाणं १८१८ चं, पण आज ज्या इंग्रजी शब्दांत म्हणतात ते १८५९ चे, म्हणजे १८४३ ला इंग्रज खलाशी ते म्हणणार कसे. असो, गातात छान.) पुस्तक वाचलेल्यांना ही दोन मिनिटं म्हणजे मेजवानी आहे, आणि स्टुअर्टच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हलतं ते इथेच. शेवटीही तसंच, बदललेला स्क्रूज चर्चमध्ये जातो, हे पुस्तकात तीन-चार शब्दांत आहे आणि बाकीचे लोक विसरतात, इथे तो अवघडून आत शिरतो, टोपी काढतो, इकडे तिकडे बघत बघत गाण्यात आवाज मिसळतो. धर्माचा भाग ज्यांना जवळचा आहे, वसईला किंवा गोव्याला नाताळची मिस्सा ज्यांनी लहानपणापासून केलीये, त्यांना हा सीन आतून लागेल असं वाटतं. १९८४ वाला या बाबतीत जरा जास्तच बाजारपेठेत रमलेला आहे.

क्रॅचिट कुटुंब. इथे मी १९९९ ला मत देते, थोडं कुरकुरत. बॉब क्रॅचिट म्हणून १९८४ ला डेव्हिड वॉर्नर आहे, ज्याने आयुष्यभर व्हिलन केले तो, आणि त्याला आठवड्याला पंधरा शिलिंगवाला गरीब कारकून करायची आयडिया मस्त, त्याच्या त्या लांबोडक्या थकलेल्या चेहऱ्यावर मान खाली घालून जगल्याचं सगळं दिसतं. बायको सुझॅना यॉर्क, ती नवऱ्यापेक्षा तिखट, स्क्रूजच्या नावाने ग्लास उचलताना तिच्या जिवावर येतं. पण १९९९ चा रिचर्ड ई. ग्रँट मुलाच्या दुःखात असा मोडतो की आपल्याला नजर फिरवावीशी वाटते. वॉर्नर तेच दुःख गिळून दाखवतो. कोणाला काय जास्त भिडेल हा ज्याचा त्याचा प्रश्न. टिनी टिम, हे बोलू नये पण बोलते, १९८४ चा पोरगा इतका आजारी दिसतो, डोळ्याखाली काळं, गाल आत, की मेकअपवाल्याने जरा हात आवरायला हवा होता. पण एक आहे, सुरुवातीला ऑफिसच्या बाहेर हा वडिलांची वाट बघत उभा असतो, स्क्रूज त्याला भिकारी समजून हाकलायला बघतो, आणि मग कळतं की हा क्रॅचिटचा मुलगा. त्यामुळे नंतर भुताबरोबर त्यांच्या घरात गेल्यावर स्क्रूज त्याला ओळखतो. पटकथा लिहिणारा रॉजर ओ. हर्सन हे असे छोटे छोटे टाके घालत गेलाय आणि ते शेवटी उपयोगी पडतात.

एक बाई मात्र दोन्हीकडे आहे आणि तेही एकाच रोलमध्ये! लिझ स्मिथ. मेलेल्या स्क्रूजचं सामान उचलून भंगारवाल्या जोला विकणारी मिसेस डिल्बर, १९८४ ला तीच आणि पंधरा वर्षांनी १९९९ लाही तीच. दोन्ही एका आठवड्यात बघितले तर भारी गंमत येते, आता ही बाई परत आली चोरी करायला असं होतं.

दिसायला कुठला चांगला, तर १९८४, वाद नको. तो श्रूसबरी नावाच्या गावात शूट केलाय, वेल्सच्या सीमेजवळ, जुन्या लाकडी चौकटींची घरं, अरुंद गल्ल्या, खरे दगड, खरी ओल. १९९९ चा बराचसा इलिंग स्टुडिओतला आणि ते दिसतं, रस्ते स्वच्छ, भिंती नव्या, आणि वर नव्वदच्या दशकातले कॉम्प्युटरचे इफेक्ट्स, जे तेव्हा नवलाचे होते आणि आता केविलवाणे वाटतात. भविष्याचं भूत बघा ना, १९८४ ला नुसती काळी आकृती आणि प्रत्येक वेळी धातू घासल्यासारखा एक कर्कश आवाज, अंगावर काटा. १९९९ ला टोपीतून चमकणारे दोन पिवळे डोळे, घरातली पोरं फिस्सकन हसली. श्रूसबरीच्या सेंट चॅड्स चर्चच्या आवारात स्क्रूजच्या नावाचं ते थडगं शूटिंग संपल्यावर तसंच राहिलं, लोक ते बघायला जायचे, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कोणीतरी त्याची शिळा फोडली तेव्हा बातम्या आल्या. काल्पनिक माणसाचं थडगं फुटलं म्हणून हळहळणारं गाव, मला हे फार गोड वाटलं.

१९८४ चे दोष सांगायचे तर स्कॉट अमेरिकन आहे आणि ते लपत नाही, त्याचे उच्चार मधूनच समुद्र ओलांडून परत जातात. सुरुवातीला नवीन लिहिलेलं एक गाणं आहे, ते गोड आहे पण मला नसतं तरी चाललं असतं. स्क्रूजचा तरुणपणचा मालक फेझिविग, त्याच्या पार्टीत जेवढी धमाल पाहिजे तेवढी नाही, तरुण स्क्रूज जरा पुठ्ठ्यासारखा आहे. १९९९ चा फेझिविग, इयन मॅकनीस, त्याच्यापेक्षा कितीतरी जिवंत. आणि १९९९ ची सुरुवात मला आवडते, थेट मार्लीच्या अंत्यविधीपासून. मार्ली मेलेला आहे हे पुस्तक पहिल्याच वाक्यात ठासून सांगतं, इथे तो पुरलेलाच दाखवला, काम झालं.

आता कोणी कुठला बघायचा. घरात कोणाला इंग्लिश साहित्याचा अभ्यास आहे, किंवा शाळा-कॉलेजात ही गोष्ट लावलीये आणि पुस्तकातलं जास्तीत जास्त पडद्यावर हवंय, तर १९९९. स्टुअर्टचे फॅन असाल तर मला विचारूच नका, तुमचं ठरलेलंच आहे. ज्यांना सिनेमात मनमोकळं रडायला आवडतं त्यांनीही १९९९. पण ही गोष्ट तुम्हाला गुळगुळीत, मुलांची, दरवर्षी तीच तीच वाटत असेल, किंवा स्क्रूज म्हणजे कार्टून एवढंच माहीत असेल, तर १९८४, कारण तिथला स्क्रूज तुमच्या ओळखीचा निघण्याची शक्यता आहे, ऑफिसात असेल, सोसायटीच्या कमिटीत असेल, व्यवहारात शंभर टक्के चोख आणि कायद्याने कुठेच न सापडणारा.

मुलं लहान असतील, सात-आठच्या आतली, तर १९९९ आधी, कारण १९८४ चा मार्ली, म्हणजे फ्रँक फिनले, जबड्याची पट्टी सोडून जो काही ओरडतो तो रात्री स्वप्नात येऊ शकतो. मोठ्या मुलांना उलट तोच आवडेल. सबटायटल्स दोन्हीकडे लावा, भाषा जुनी आहे आणि क्रॅचिटांच्या घरात सगळे एकदम बोलतात.

दोन्ही बघणार असाल तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी १९९९, मग १९८४. उलटं केलंत तर स्कॉटच्या त्या खणखणीत माणसानंतर स्टुअर्ट पहिला तासभर फिका वाटतो आणि ते घशातल्या हसण्यापर्यंत पोचायच्या आत कोणीतरी मोबाइल काढतं, आमच्याकडे गेल्या वर्षी हेच झालं. १९९९ ने गोष्ट नीट पुस्तकाबरहुकूम डोक्यात बसते, आणि मग १९८४ वाल्यांनी कुठे कुठे काय बदललं, ते एक्सचेंज, तो पूल, ती दारातली माफी, हे आपोआप लक्षात येत जातं.